आंबराईंतलें घरटें

इ. स. १९२१ च्या डिसेंबर महिन्याची २३ तारीख. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांत, बोलपूर स्टेशनापासून दोनएक मैलांवर, तांबड्या मुरमाड माळावर मेहनतीनें वाढविलेल्या एका आंबराईंत सभा भरली होती. अध्यक्षस्थानीं तत्त्ववेत्ते डॉ. ब्रजेंद्रनाथ सील होते. पाहुण्यांमध्यें पॅरिसहून आलेले संस्कृतचे प्रकांड पंडित सिल्व्हाँ लेव्ही होते. यजमान होते रवींद्रनाथ टागोर. वीस वर्षें पोटच्या अपत्याप्रमाणें वाढविलेली आपली संस्था त्या दिवशीं त्यांनीं सार्वजनिक मंडळाच्या हवालीं केली. संस्थेचें नांव विश्वभारती. तिचें बोधवाक्य वैदिक वाङ्मयांतून घेतलेलें होतें. सारें विश्व जेथें एका घरट्यांत नांदतें तें स्थान, हा त्याचा आशय.

मुहूर्त मात्र मोठा चमत्कारिक होता. असहकारितेच्या चळवळीनें सारा देश पेटला होता. विद्यार्थी सरकारी कॉलेजें सोडून बाहेर पडत होते, परदेशी कापडाच्या होळ्या होत होत्या, इंग्लंडच्या युवराजांच्या आगमनानिमित्त ठिकठिकाणीं हरताळ पडत होते, आणि त्याच महिन्यांत देशबंधु चित्तरंजन दास तुरुंगांत गेले होते. अशा वेळीं दाराच्या दोन्ही फळ्या उघडून परदेशी पंडितास गुरूच्या आसनावर बसविणें हें कित्येकांस देशकार्याच्या आड येणेंच वाटलें. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें रवींद्रनाथांनीं कलकत्त्यास ‘शिक्षार मिलन’ हा निबंध वाचला होता. पश्चिमेनें मिळविलेली विद्या सत्य आहे, आणि सत्य परकें म्हणून टाकलें तर नुकसान टाकणाराचेंच होतें, असा त्यांचा अभिप्राय होता. महात्माजींनींहि त्याच वर्षीं ‘यंग इंडिया’तून आपली बाजू मांडली होती. घराच्या खिडक्या उघड्या असाव्यात, चहूंकडचे वारे आंत खेळावेत, परंतु त्या वाऱ्यानें आपलेच पाय उखडूं नयेत, असें त्यांचें म्हणणें. दोघांचीं मनें एकमेकांपासून फार दूर होतीं असें नाहीं. पण प्रश्न खरा होता. ज्या दिवशीं जगाशीं भांडण आहे, त्या दिवशींहि विद्येचें दार उघडें ठेवतां येतें काय? विश्वभारतीचा पुढील सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

या माळाची कथा त्याहून बरीच जुनी आहे. महर्षि देवेंद्रनाथ टागोरांनीं इ. स. १८६३ सालीं सातवणीच्या दोन झाडांजवळची ही वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्यानें घेतली आणि ध्यानधारणेसाठीं तेथें घर बांधलें. इ. स. १८८८ च्या विश्वस्तपत्रांत त्यांनीं घालून दिलेल्या अटी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. या जागेंत निराकार ब्रह्माची उपासना व्हावी, मूर्तिपूजा होऊं नये; पण त्याचबरोबर कोणत्याहि धर्माची वा कोणाच्याहि उपास्य देवतेची निंदा येथें होतां कामा नये. दरसाल एक मेळाहि भरवावा. पौष महिन्याच्या या मेळ्यांत आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, कारागीर आणि एकतारीवर गाणारे बाउल जमूं लागले. जागतिक संस्कृतीची भाषा कोणी बोलूं लागण्यापूर्वींच परक्याच्या श्रद्धेचा मान राखण्याचा नियम या भूमीला दस्तऐवजानें बांधून टाकला होता.

याच जागेवर इ. स. १९०१ च्या डिसेंबरांत रवींद्रनाथांनीं पांच मुलांची शाळा काढली. तिचें नांव ब्रह्मचर्याश्रम. नांवावरून ध्यानांत येईल कीं, त्या वेळीं कवीच्या डोळ्यांपुढें जग नव्हतें, प्राचीन तपोवन होतें. पण पुढच्याच वर्षीं होरी शितोकू नांवाचा एक जपानी तरुण संस्कृत शिकण्यासाठीं तेथें येऊन राहिला. तो बौद्ध होता. आपल्या धर्माच्या मूळ भाषेचा शोध घेत तो समुद्र ओलांडून आला होता. तपोवनाच्या नांवानें काढलेल्या शाळेंत पहिला परदेशी विद्यार्थी असा आपण होऊन आला.

इ. स. १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळाल्यावर कवीचें नांव जगभर झालें. इ. स. १९१६ सालीं ते जपान व अमेरिका या देशांत गेले. युरोपांत पहिल्या महायुद्धाची कत्तल चालू होती, आणि राष्ट्राच्या नांवाखालीं मनुष्य काय करूं शकतो हें कवि पाहत होते. दोन्ही देशांत त्यांनीं राष्ट्राभिमानाच्या अतिरेकावर कडक व्याख्यानें दिलीं. जपानांत सुरुवातीस उसळलेला स्वागताचा पूर त्यामुळें लवकरच ओसरला. त्याच प्रवासांत त्यांनीं अमेरिकेहून आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांस पत्र लिहिलें. शांतिनिकेतनची शाळा ही हिंदुस्थान आणि जग यांना जोडणारा धागा व्हावी, सर्व मानवजातीच्या अभ्यासाचें केंद्र तेथें उभें राहावें, हा विचार त्या पत्रांत प्रथम स्पष्ट शब्दांत आला आहे. महायुद्ध संपतांच, इ. स. १९१८ च्या डिसेंबरांत विश्वभारतीची पायाभरणी झाली, आणि पुढच्या वर्षीं अध्यापन सुरू झालें.

त्यांची योजना समजून घेतली पाहिजे, कारण ती नुसत्या आदरातिथ्याची नव्हती. पाहुण्यास जेवावयास बोलवावयाचें तर आपल्या घरांत चूल पेटलेली हवी, असें तिचें सूत्र होतें. हिंदी संस्कृतीचे वैदिक, पौराणिक, बौद्ध, जैन, इस्लामी, शीख व पारशी असे जे अनेक प्रवाह आहेत, ते प्रथम एके ठिकाणीं आणावयाचे. मग त्यांच्या शेजारीं आशियाची व युरोपची विद्या मांडावयाची. म्हणून विधुशेखर शास्त्री संस्कृत व पाली शिकवीत, क्षितिमोहन सेन मध्ययुगीन संतांचीं वचनें गोळा करीत, आणि नंदलाल बसूंनीं कलाभवनाची घडी बसविली. पारशी विद्येसाठीं व इस्लामी विद्येसाठीं निराळीं आसनें असावींत अशी योजना होती. निजाम सरकारनें इस्लामी विद्येच्या अध्यासनासाठीं एक लाख रुपये दिले, आणि त्या आसनावर इ. स. १९२९ सालीं बुडापेस्टहून जूला जर्मानुस हे हंगेरियन पंडित आले. कवीच्या इ. स. १९३२ च्या इराण-प्रवासानंतर अवेस्ताचे अभ्यासक इब्राहिम पूर-ए-दाऊद हे तेथून शांतिनिकेतनांत अध्यापनासाठीं आले.

महाराष्ट्राचा धागाहि या घरट्यांत आहे. इ. स. १९१५ सालीं महात्माजी आफ्रिकेंतून परत येऊन शांतिनिकेतनांत गेले, तेव्हां साताऱ्याकडचे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथें शिकवीत होते. काकासाहेबांची गांधीजींशीं पहिली भेट तेथेंच झाली. पंडित भीमरावशास्त्र्यांनीं आश्रमाच्या मुलांस शास्त्रोक्त गायनाचे धडे दिले, आणि कोल्हापूरचे विनायक मासोजी कलाभवनांत शिकून पुढें तेथेंच शिक्षक झाले. पण सर्वांत मोठा धागा ग्रंथाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें इ. स. १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम अंगावर घेतलें, तेव्हां निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून पाहणें अवश्य होतें. त्या पाठभेद-नोंदणीचें एक केंद्र विधुशेखर शास्त्र्यांच्या देखरेखीखालीं विश्वभारतींत चालत होतें. अशी आवृत्ति निघावी म्हणून प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदांतून वर्षानुवर्षें आग्रह धरणारे प्रागचे प्राध्यापक मोरिझ विंटरनिट्झ हे इ. स. १९२३ सालीं याच आंबराईंत अध्यापक म्हणून राहिले. व्यासांच्या एका ग्रंथासाठीं पुणें, शांतिनिकेतन आणि प्राग हीं गांवें अशीं एका ओळींत आलीं.

सिल्व्हाँ लेव्ही यांच्या वर्गांत काय चालत असे हें पाहिलें म्हणजे या उद्योगाचें मर्म कळतें. फ्रान्सांतून आलेले हे विद्वान् हिंदी विद्यार्थ्यांस फ्रेंच वाङ्मयाची थोरवी सांगावयास बसले नाहींत. त्यांनीं चिनी आणि तिबेटी भाषांचे वर्ग उघडले. कारण असें कीं, बौद्ध धर्माचे कित्येक संस्कृत ग्रंथ हिंदुस्थानांतून नाहींसे झाले होते. परंतु हजार-दीड हजार वर्षांपूर्वीं चीन व तिबेट येथील भिक्षूंनीं केलेलीं त्यांचीं भाषांतरें त्या देशांच्या मठांत सुखरूप राहिलीं होतीं. चिनी अक्षरांच्या आड दडलेलें संस्कृत वाक्य ओळखावयाचें, तें तिबेटी भाषांतराशीं ताडावयाचें, आणि हरवलेल्या ग्रंथाचा चेहरा थोडाथोडा पुन्हां उभा करावयाचा, असें तें काम. हिंदुस्थानचा ठेवा शेजाऱ्यानें जपला, त्याची किल्ली एका फ्रेंच गुरूनें आणून दिली, आणि ती बंगाली मुलांच्या हातीं पडली. ग्रंथपाल प्रभातकुमार मुखोपाध्याय हे या वर्गांत बसत. कलकत्ता विद्यापीठाकडून आलेले प्रबोधचंद्र बागची यांनीं येथें धडा घेतला, पुढें गुरूबरोबर ते नेपाळांत पोथ्या शोधीत फिरले आणि पॅरिसला जाऊन त्यांनीं तो अभ्यास पुरा केला. चिनी बौद्ध वाङ्मयाचे हिंदी पंडित म्हणून त्यांनीं नांव मिळविलें, आणि इ. स. १९५४ सालीं ते याच विश्वभारतीचे कुलगुरु झाले. जगाची संस्कृति जाणून घेणें हा आपल्या संस्कृतीस पाठमोरें होण्याचा मार्ग आहे, या आक्षेपास यापेक्षां चांगलें उत्तर कोणतें द्यावें?

लेव्हींच्या मागून नॉर्वेचे स्टेन कोनो, प्रागचे व्हिन्सेन्झ लेस्नी, व्हिएन्नाच्या स्टेला क्रामरिश, असे पंडित येत राहिले. सर्वच पुस्तकें घेऊन आले असें नाहीं. लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज तरुण अमेरिकेंत शेतीशास्त्र शिकून आला, आणि इ. स. १९२२ च्या फेब्रुवारींत सुरूल गांवीं त्यानें ग्रामसुधारणेचें काम सुरू केलें. त्यांतूनच श्रीनिकेतन उभें राहिलें. इ. स. १९२९ सालीं जपानचे ताकागाकी शिंझो जुदो शिकविण्यास आले आणि मुलांच्या जोडीनें मुलीहि आखाड्यांत उतरल्या. आर्नल्ड बाके हे डच संगीतज्ञ गुरु होण्यास आले नव्हतेच. ते येथील गाणें शिकण्यासाठीं विद्यार्थी म्हणून राहिले.

उत्सवांचेंहि असेंच. आज पुष्कळ विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा दिवस साजरा होतो. रंगीत पोशाख, देशोदेशींचे पदार्थ, निशाणांच्या रांगा. त्यांत वाईट कांहींच नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं निशाणें उतरतात आणि जो तो आपल्या खोलीकडे जातो. शांतिनिकेतनांत निराळी रीत पडली. इ. स. १९१० पासून नाताळच्या दिवशीं तेथील उपासनामंदिरांत ख्रिस्ताचें स्मरण होऊं लागलें, आणि तें परक्यांच्या समाधानाकरितां नव्हतें. त्या वेळीं शाळेंत ख्रिस्ती मुलें अशीं होतीं तरी किती! बुद्ध व चैतन्य यांचेहि दिवस पाळले जात. सण ज्याचा त्याचा न राहतां सर्वांच्या पंचांगांत गेला.

या उघड्या दाराची किंमतहि द्यावी लागली. इ. स. १९२५ च्या अखेरीस कार्लो फोर्मिकी व जुसेप्पे तुच्ची हे दोन थोर इटालियन पंडित आले, आणि त्यांच्याबरोबर मुसोलिनी सरकारनें इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह भेट म्हणून पाठविला. पुढच्या वर्षीं कवि सरकारी पाहुणे म्हणून इटलींत गेले. तेथील वर्तमानपत्रांनीं त्यांच्या तोंडीं फॅसिस्ट राजवटीची स्तुति घातली. स्वित्झर्लंडांत रोमाँ रोलाँ यांच्या भेटीनंतर आणि इटलींतून परागंदा झालेल्या मंडळींच्या हकीगती ऐकल्यावर कवीचे डोळे उघडले, आणि त्यांनीं अँड्र्यूज यांस लिहिलेलें निषेधाचें पत्र इंग्लंडांतील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. इटलीचा रोष झाला. तुच्ची यांनाहि शांतिनिकेतन सोडावें लागलें. ग्रंथ मात्र कपाटांत राहिले, आणि ते वाचण्यास कोणी मनाई केली नाहीं. देणगी कोणाची, यापेक्षां ती घेऊन आपली जीभ बांधली जाते कीं काय, हें पाहिलें पाहिजे, हा धडा त्यांतून मिळाला.

पैशाची चणचण तर पांचवीला पुजलेली. पंचाहत्तरीला टेकलेले कवि विद्यार्थ्यांचा नृत्यमेळा घेऊन गांवोगांव खेळ करीत आणि संस्थेसाठीं पैसे जमवीत. इ. स. १९३६ सालीं दिल्लींत महात्माजींनीं ही दगदग पाहिली, साठ हजारांची तूट आहे असें त्यांस कळलें, आणि तेवढ्या रकमेची हुंडी मिळवून देऊन त्यांनीं कवीस घरीं पाठविलें. इ. स. १९२१ सालीं ज्यांच्याशीं वाद झाला, त्यांनींच घरट्याचें छप्पर शाकारलें.

परंतु खरी कसोटी चीन व जपान यांच्या बाबतींत लागली. इ. स. १९२४ सालीं रवींद्रनाथ क्षितिमोहन सेन, नंदलाल बसू आदि मंडळींसह चीनमध्यें गेले. लिआंग छी-छाव या विद्वानानें त्यांचें स्वागत केलें आणि वाढदिवशीं त्यांस एक चिनी नांव दिलें. पण कांहीं तरुण विद्यार्थ्यांनीं त्यांच्या विरुद्ध पत्रकें वाटलीं. आमच्या देशाला तोफा आणि यंत्रें नडत आहेत, अशा वेळीं पूर्वेच्या आध्यात्मिकतेचा उपदेश आम्हांस दुबळें करील, असा त्यांचा रोख होता. कवि दुखावले, पण संबंध तुटूं दिला नाहीं. इ. स. १९२७ सालीं मलायाकडील प्रवासांत त्यांस तान युन्-शान हा चिनी तरुण भेटला. दुसऱ्याच वर्षीं तो शांतिनिकेतनांत आला. स्वतः संस्कृत शिकूं लागला व इतरांस चिनी शिकवूं लागला. पुढें मायदेशीं जाऊन त्यानें ग्रंथ व निधि जमविला. नानकिंग येथें इ. स. १९३३ सालीं आणि हिंदुस्थानांत त्याच्या पुढच्या वर्षीं चीन-हिंद सांस्कृतिक मंडळ स्थापन झालें. अखेर इ. स. १९३७ च्या १४ एप्रिलला, बंगाली नववर्षाच्या दिवशीं, चीनाभवनाचें उद्‌घाटन झालें. अध्यक्ष व्हावयाचे जवाहरलाल नेहरू आजारी पडले. त्यांचा संदेश त्यांच्या कन्या इंदिरा यांनीं वाचून दाखविला.

भवन उघडून तीन महिने होतात न होतात तोंच, ७ जुलैला चीनवर जपानचें आक्रमण सुरू झालें. जपानशीं आश्रमाचें नातें सर्वांत जुनें. पहिला परदेशी विद्यार्थी जपानी, आखाड्याचा गुरु जपानी. इ. स. १९३८ सालीं योने नोगुची या जपानी कवीनें आपल्या सरकारच्या युद्धाचें समर्थन करणारें पत्र रवींद्रनाथांस लिहिलें. दोघे जुने स्नेही होते. रवींद्रनाथांनीं उत्तरांत लवभरहि मुरवत धरली नाहीं. ज्या जपानी जनतेवर आपलें प्रेम आहे तिला या युद्धांत यश न मिळतां पश्चात्ताप मिळो, अशा अर्थाचे शब्द त्यांनीं लिहिले. जगाचें घरटें बांधणारानें कोणाच्याच बाजूनें बोलूं नये, अशी सोयीची भूमिका त्यांनीं घेतली नाहीं. आणि अन्यायाला अन्याय म्हटल्यानें जपानी माणसाला दार बंद होतें, असेंहि त्यांनीं मानलें नाहीं. युद्ध चालू असतांना चीनचे विख्यात चित्रकार शू पेइ-हुंग इ. स. १९३९ च्या अखेरीस शांतिनिकेतनांत येऊन राहिले. डोंगर हलविण्यास निघालेल्या वेड्या म्हाताऱ्याचें त्यांचें प्रसिद्ध चित्र हिंदुस्थानांतील याच मुक्कामांत पुरें झालें.

इ. स. १९४१ च्या ७ ऑगस्टला कवि गेले. त्याच्या पुढच्या वर्षीं नंदलाल बसूंनीं चीनाभवनाच्या भिंतीवर ‘नटीर पूजा’ या रवींद्रनाथांच्या नाटकांतील प्रसंग रंगविले. राजाज्ञा मोडून बुद्धाच्या स्तूपापुढें नाचणाऱ्या आणि त्यासाठीं प्राण देणाऱ्या नर्तकीची ती कथा. देश स्वतंत्र झाल्यावर, इ. स. १९५१ सालीं, विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली. इ. स. १९५७ सालीं चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय तेथें आले आणि विद्यापीठानें त्यांस ‘देशिकोत्तम’ ही आपली सर्वोच्च पदवी दिली. पांच वर्षांनीं दोन्ही देशांच्या सैन्यांत हिमालयांत युद्ध झालें. संशयाचे दिवस आले. हिंदुस्थानांत राहणाऱ्या अनेक चिनी कुटुंबांना स्थानबद्धता भोगावी लागली. अशा काळांतहि तान युन्-शान यांनीं आपली कर्मभूमि सोडली नाहीं, आणि चीनाभवनाचें नांव कोणी पुसलें नाहीं. आयुष्याच्या उत्तरार्धांत बोधगया येथें बौद्ध विद्येच्या कामांत ते रमले आणि इ. स. १९८३ सालीं तेथेंच निवर्तले. समुद्र ओलांडून आलेला हा गुरु परत गेलाच नाहीं.

विश्वभारतीनें रवींद्रनाथांचें स्वप्न पुरें केलें असें म्हणणें धाडसाचें होईल. एका माणसाच्या तेजानें ओढले गेलेले पंडित त्याच्या पाठीमागें त्या संख्येनें येत राहिले नाहींत; सरकारी अनुदानानें चूल पेटती राहिली, पण नियमांचें कुंपणहि आलें. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरांत शांतिनिकेतनाचा जागतिक वारशांत समावेश झाला, हा गौरव योग्यच आहे. परंतु वारसा म्हणून पाटी लागणें वेगळें आणि वर्ग भरणें वेगळें. लेव्हींच्या चटईवर बसून चिनी अक्षरांतून संस्कृत शोधणारीं मुलें, पुण्याच्या ग्रंथासाठीं बंगाली पोथ्या वाचणारे शास्त्री, युद्ध चालू असतां शत्रुराष्ट्राच्या भाषेचा धडा न चुकविणारा विद्यार्थी, यांच्याच आधारानें तें बोधवाक्य उभें आहे. चीनाभवनांत चिनी ग्रंथांचीं कपाटें आहेत, भिंतीवर ती नर्तकी आहे, आणि तिबेटी-चिनी भाषांतरांच्या पोटांत अजून कित्येक हरवलेले संस्कृत ग्रंथ वाचकाची वाट पाहत आहेत. त्यांतला एखादा उघडावयाचा तर प्रथम शेजाऱ्याची भाषा शिकावी लागेल.